तेजाबात गेलेली बरगडी

हातात काहीही आलं की आधी ते तोलून बघायचं, ही सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याची खोड. लग्नात कुणी नारळ हातात दिला तरी पाणी किती आहे ते आम्हाला न हलवता कळतं. त्या दिवशीही तेच झालं. २००९ चा हिवाळा, कच्छमधला लखपत तालुका. माता नो मढला आशापुराचं दर्शन घेऊन आम्ही पुढं हारुडीच्या बाजूला निघालो होतो. सोबत नखत्राण्याचा एक सोनी होता, माझं जुनं गिऱ्हाईक. वाटेत गाडी थांबवली आणि मी एका कोरड्या ओढ्यात उतरलो. परत येताना पायाशी एक तपकिरी दगड दिसला. केळ्याएवढा आणि केळ्यासारखाच वाकलेला. उचलला तर हातानं धरलं होतं त्याहून जरा जास्तच भरला.

दगड खिशात मावेना, म्हणून उपरण्यात गुंडाळला आणि भुजला आणला.

आमच्या भागाबाहेरचं कुणी हे वाचत असेल तर सांगतो. सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा काही भाग, हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. केरळापासून बिहारपर्यंत सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात एखादी भट्टी दिसली आणि आतून 'आरं, मूस बघ की' असं ऐकू आलं, तर समजायचं की माणूस विट्याच्या आसपासचा. मी १९८८ साली सोळाव्या वर्षी मामाबरोबर भुजला गेलो. आता दुकान धाकटा भाऊ बघतो आणि मी गावी द्राक्षाच्या बागेत औषधं मारतो. टेंभू योजनेचं पाणी आलं नसतं तर अजून तिकडंच असतो.

तर तो दगड. आमच्या धंद्यात एखादी वस्तू काय आहे हे कळलं नाही की तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा. सोडला. वरच्या पांढुरक्या पापुद्र्यावर लगेच बुडबुडे आले, चर्र आवाज झाला. म्हणजे चुनखडी. खालचा तपकिरी भाग तसा शांत होता. म्हटलं, वरचा चुना तेवढा खाऊन टाकू दे, आत काय आहे ते स्वच्छ दिसेल. चांदी मिसळलेलं सोनं आम्ही असंच साफ करतो, तेजाब चांदी विरघळवून नेतं आणि सोनं तळाशी राहतं. तोच हिशेब मी इथं लावला. चिनी मातीच्या भांड्यात पाणी घातलेलं तेजाब ओतलं, दगड तिरका उभा केला आणि शटर ओढून घरी गेलो.

सकाळी भांड्यात पिवळट गाळ होता. जेवढा दगड बुडला होता तेवढा गेला होता. वर राहिलेला अर्धा भाग तेवढा शाबूत, खालून कुरतडल्यासारखा. दुकानातला पोरगा म्हणाला, "तात्या, सोनं न्हवतं वाटतं." त्याला मी तेव्हा चहा आणायला पाठवलं.

तो अर्धा तुकडा वर्षभर काट्याशेजारी पडून होता, कागद उडू नयेत म्हणून. मग एकदा त्या नखत्राण्याच्या सोनीच्या तोंडून निघालं, की दयापरला त्याच्या मेहुण्याची खानावळ आहे आणि दर थंडीत तिथं 'हड्डीवाले' उतरतात. कुठल्यातरी विद्यापीठाच्या एक मॅडम आणि चार-पाच पोरं-पोरी. दिवसभर ओढ्यांतून वाकून हिंडतात आणि रात्री वर्तमानपत्रात दगड गुंडाळत बसतात. मी तुकडा पिशवीत टाकला आणि गेलो.

मॅडमनी तुकडा हातात घेतला, कुरतडलेलं टोक बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "इसे किसने जलाया?"

मी म्हटलं, मीच.

त्या रागावल्या, पण राग पटकन गिळला असावा. भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि तुकड्याचं दुसरं टोक, जे मुळातच मोडलेलं होतं, ते माझ्याकडं केलं. "बघा, पोकळी दिसते?" मी बघितलं. आपण मटणाची बरगडी मोडतो तेव्हा आत स्पंजासारखी जाळी असते, तिच्यातच तर मगज. इथं जाळी नव्हतीच. कडेपासून मधापर्यंत एकसारखं घट्ट, हस्तिदंताच्या बांगडीसारखं. त्या म्हणाल्या, दगड झाल्यावर सगळीच हाडं जड होतात, त्यामुळं तुमच्या हाताच्या वजनावर जाऊ नका. पण हे हाड जिवंतपणीच असं भरीव होतं. ही समुद्रगायीची बरगडी.

समुद्रगाय म्हणजे डुगाँग. आजही कच्छच्या आखातात थोड्या उरल्या आहेत. उथळ पाण्यात तळाशी उगवलेलं समुद्रगवत खाणारं हे सस्तन जनावर. गवत तळाला आणि फुप्फुसात हवा, म्हणजे अंग सारखं वर उचललं जाणार. म्हणून बरगड्याच भरीव. मला लगेच आमची विहीर आठवली. लहानपणी पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे, वर राहावं म्हणून. हिचा प्रकार उलटा, खाली राहावं म्हणून अंगातच धोंडा. कच्छमधल्याच जरा नंतरच्या काळातल्या एका समुद्रगायीला शास्त्रज्ञांनी १९९७ साली 'भारतिसायरन' असं नाव दिलेलं आहे. नाव ऐकून मला ती एखाद्या गिरणीचा भोंगा वाटली होती.

तेजाबाचंही कोडं तिथंच सुटलं. ते लोकही आम्लच वापरतात, पण सिरक्याच्या जातीचं आणि फार पातळ. ते चुनखडी हळूहळू खातं आणि हाड सोडून देतं, कारण हाडात चुन्याबरोबर फॉस्फेट असतं. माझ्या तेजाबाला तेवढा विवेक नव्हता. ते दोन्ही खाऊन मोकळं झालं. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती, फक्त आम्ल चुकलं. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "पद्धत पण चुकली. आधी विचारायचं होतं."

मग त्यांनी विचारलं, नेमकं कुठं सापडलं? मी म्हटलं, हारुडीच्या पुढं, उजव्या हाताला, एका ओढ्यात. त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या जीपमधून गेलो. सकाळपासून दोन वाजेपर्यंत सात ओढे दाखवले. सगळे सारखे. कोणत्या थरातून तुकडा निसटला हे कळलं नाही, तर त्याचा शास्त्राला फारसा उपयोग नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. बिलाशिवाय आणलेल्या दागिन्यासारखं, सोनं खरं असेल पण कुणाचं, कुठलं, काही सांगता येत नाही. तुकडा त्यांनी ठेवून घेतला. वहीत माझ्या नावापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेलं मी बघितलं.

पण त्या दिवशी त्या ओढ्यांतून जे शिकलो ते सांगायला पाहिजे. पायाखाली सगळीकडं चपटे गोल दगड पसरले होते, काही चार आण्याएवढे, काही रुपयाएवढे. मी आयुष्यभर नाणी आणि बिस्किटं मोजलेला माणूस, वाकून उचलायलाच लागलो. ते न्युम्युलाइट. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका पेशीच्या जीवाचं हे कवच, आणि नावाचा अर्थही लॅटिनमध्ये 'छोटं नाणं' असाच. एक पेशी आणि रुपयाएवढी! आडवं फोडलं की आत गोल-गोल खोल्या दिसतात, जिलेबीसारख्या. अशी चिल्लर जिथं पसरलेली असते तिथं एके काळी उबदार, उथळ समुद्र होता असं समजायचं.

त्या समुद्रात, चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, देवमासे होते. आज आपण चित्रात बघतो तसे मात्र नव्हते. १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधून या प्राचीन देवमाशांची हाडं जगापुढं आणली. त्यातल्या एकाचं आजचं नाव रेमिंग्टनोसेटस हारुडिएन्सिस. म्हणजे ज्या हारुडीत मला चहाला दूध मिळालं नव्हतं, ते गाव जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे. दुसरा एक कच्छिसेटस, सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसेन यांनी २००० साली नाव दिलेला. जेमतेम पाणमांजराएवढा. लांब निमुळतं तोंड, बारीक डोळे, दणकट शेपूट आणि चार पाय. होय, पाय असलेला देवमासा. सुसर आणि पाणमांजर यांची खिचडी करावी तसं ते ध्यान दिसत असणार.

मग त्याला देवमासा का म्हणायचं? याचं उत्तर कानात आहे. देवमाशाच्या मधल्या कानाभोवती हाडाची एक डबी असते आणि तिची आतली कड विलक्षण जाड, घट्ट असते. पाण्याखालचं ऐकायला ती कामी येते. पाय गेले, केस गेले, नाकपुड्या डोक्यावर चढल्या, पण ही डबी पहिल्यापासून आजपर्यंत तशीच. इतकी घट्ट, की बाकीचा सांगाडा नाहीसा झाला तरी ती मागं उरते.

या कानाचीच एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून हाडं अडकलेले ढीगभर दगड गोळा केले होते. त्यातल्या काही हाडांवरून इंडोहायस नावाचा एक छोटा खुरी प्राणी त्यांनी नोंदवला. बाकीचे दगड फोडायचे राहिले आणि ते वारले. त्यांच्या पत्नीनं ते दगड सांभाळून ठेवले. पुढं ते थेविसेन यांच्याकडं आले आणि काम करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली. फुटलेल्या जागी कानाची डबी दिसली आणि तिची कड जाड होती. मांजराएवढं, हरणासारख्या पायांचं जनावर आणि कान देवमाशाचा! २००७ च्या डिसेंबरात हे 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याच्या पायाची हाडंही भरीव निघाली. म्हणजे ते पाण्यात उतरून तळावर पाय रोवून चालत असावं. देवमाशांचं हे जवळचं नातलग.

मदतनिसाच्या हातून फुटलं ते शास्त्र झालं आणि माझ्या हातून विरघळलं ते गाळ झालं. ज्याचं त्याचं नशीब. त्या बाईंचं मात्र मला फार वाटतं. आमच्याकडं नवऱ्याच्या माघारी असले दगड पहिल्या दिवाळीच्या साफसफाईला उकिरड्यावर गेले असते.

२०२४ साली पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतल्या वासुकी नावाच्या प्राचीन सापाची बातमी आली, तेव्हा विट्यातल्या अर्ध्या लोकांनी मला फोन केले. सत्तावीस मणके, त्यावरून लांबी अकरा ते पंधरा मीटर. "तात्या, तुमच्या कच्छात सापडला म्हणं!" मी कौतुकानं समुद्रगायीचं सांगायला लागायचो आणि समोरचा फोन ठेवायचा. सापापुढं गाय कोण विचारतो.

एक गोष्ट मात्र गावात सांगितली की लोक थांबून ऐकतात. आपल्या खानापूर घाटमाथ्यावर विहीर खणायची तर सुरुंग लावून जो काळा पाषाण फोडावा लागतो, तोच कच्छमध्येही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिथं तो खाली आहे आणि त्याच्यावर नंतरच्या समुद्राचे थर चढलेत, त्या थरांत देवमासे आणि समुद्रगायी. आपल्याकडं त्याच्यावर मुरूम आणि थोडी माती, बस. समुद्र इथवर आलाच नाही. बनूरगडावर उभं राहिलं की चारी बाजूंना जी कोरडी पायरी-पायरीची जमीन दिसते तो त्या घराचा नुसता जोता आहे. घर तिकडं कच्छात बांधलंय.

मॅडमना मी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे बघितलेले, आमच्या मायणीच्या तलावावरही ते येतात. मग त्या समुद्रावर पक्षी नसतील का? तुम्हाला पक्ष्याचं एखादं हाड सापडत कसं नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, "उडणाऱ्याचं हाड पोकळ. लाटेत फुटतं, दबून चुरतं. तुमच्या बरगडीसारखं वाट बघत पडून राहत नाही."

हे ऐकलं आणि मला झारा आठवला. सराफाच्या दुकानातली झाडलोट, गादीखालची धूळ, हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत. झारेकरी ते विकत घेतो, जाळतो, घमेल्यात पाणी घालून गोल फिरवत धुतो. हलकं वरून निघून जातं, जड तळाला राहतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आमचं दुकान ढिगाऱ्यात गेलं, तेव्हा ती सगळी माती आम्ही तिघांनी अडीच महिने अशीच धुतली. त्या मातीत काय-काय निघालं ते इथं लिहीत नाही. तर समुद्र हा एक मोठा झारेकरीच म्हणायचा. गायीच्या बरगड्या आणि देवमाशाचे कान त्यानं तळाला ठेवले आणि पाखरं वरून ओतून दिली.

हा विषय माझ्यापुरता इथं संपला होता. पण गेल्या वर्षी पुतण्याचा फोन आला. तो जहाजावर आहे. लोखंडाचं खनिज भरायला त्यांचं जहाज दक्षिण आफ्रिकेत सालदान्हा बंदराला लागलं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली, तेव्हा जवळच्या लांगेबानवेगला जाऊन आला. "तात्या, तुमची हाडं हितं हायती." तिथं फॉस्फेटची खाण होती, खतासाठीची, १९९३ ला बंद पडली. खाणकामात सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वीचा नदीच्या मुखाचा प्रदेश उघडा पडला. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा वर होता. हाडांचा थर जागच्या जागी ठेवून त्यावर छप्पर घातलंय. सील आहेत, देवमासे आहेत, आणि एक आखूड मानेचा जिराफ, ज्याच्या जातीचं नाव शिवाथेरियम. आपल्या शिवालिक टेकड्यांत पहिल्यांदा सापडला म्हणून शंकराच्या नावाचा. तिथं आफ्रिकेत 'शिवा' ऐकून पोरगं चकित झालेलं.

आणि पक्षी. ढिगानं पक्षी. पेंग्विनच चार जातींचे, जिथं आज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एकच जात घरटी करते. शिवाय वादळी समुद्रावर जन्म काढणारी पेट्रेलसारखी पाखरं. मी त्याला विचारलं, सापडली कशी एवढी? तो म्हणाला, चाळण्या. माती बारीक चाळणीवर घेतात, पाणी मारतात आणि जे राहतं ते चिमट्यानं निवडतात. पाहुण्यालाही चाळणी देतात. म्हणजे झाराच की! फरक एवढाच, की आम्ही हलकं सोडून देतो आणि ही माणसं हलकंच शोधत बसतात. त्यानं व्हिडिओ पाठवला. चाळणीत वाळू, वाळूत त्याचं बोट, बोटाच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं तपकिरी काहीतरी. मागून कुणीतरी इंग्रजीत सांगतं, हे बेडकाचं. पोरग्याचा चेहरा पडलेला स्पष्ट दिसतो.

पेंग्विनचं मला लगेच पटलं. त्यानं उडणं सोडलं, बुडी धरली आणि हाडं भरीव केली. पोकळ हाडाचा खरा कहर बघायचा तर पेलागॉर्निस नावाचा प्राचीन समुद्रपक्षी. पंख पसरले की सहा मीटरच्या वर, चोचीच्या कडेला हाडाचेच सुळे, आणि एवढ्या मोठ्या धुडाच्या हाडांच्या भिंती कागदासारख्या पातळ. त्याची एक जात अमेरिकेत चार्ल्स्टनच्या विमानतळावर १९८३ साली खोदकाम करताना सापडली आणि २०१४ ला तिला नाव मिळालं. विमानतळ बांधताना सापडावा असाच पक्षी. असलं हाड कोट्यवधी वर्षं टिकलं, यावर माझ्यातला झारेकरी अजून विश्वास ठेवायला तयार नाही.

गेल्या रविवारी घरी गावठी कोंबडा केला होता. जेवण झाल्यावर ताटातलं पंखाचं वरचं हाड मी बाजूला काढलं, धुतलं, पुसलं. आदल्या आठवड्याची बोकडाची एक बरगडी मी खिडकीत वाळत ठेवली होती, तीही घेतली. दोन्ही साधारण सारख्याच लांबीची निवडली. भुजवरून आणलेला जुना काटा कपाटात आहे, मिलिग्रॅम दाखवणारा, तो काढला, काचेची दारं उघडली आणि कोंबड्याचं हाड हळूच पारड्यात ठेवलं. आकडा थरथरत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, सोन्याचा काटा हाय तो. लक्ष्मी ठेवायच्या जागी उष्टी हाडं ठेवताय?"

आकडा बघायचा राहिला. काटा आता तिनं देवघरात ठेवलाय.